बर्फावर जाण्याआधी घरी बसून करायची कामं
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी केलेलं भाषण)



आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेले काही महिने एक बेत शिजतो आहे, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. पन्नाशी साजरी करायची ती आल्प्समध्ये स्कीइंग करून, आणि तेही आखलेल्या वाटा सोडून, मोकळ्या बर्फावर. माझ्यासह सातजणांनी होकार दिलाय. मी झुरिकला राहतो, त्यामुळे "तू जरा जाण्या-राहण्याचं बघ" असा हुकूम मला झाला. संयोजकांनी सुचवलं की जे काही ठरतंय ते सगळ्यांसमोरच सांग. मलाही ते पटलं. कारण सात माणसं डोंगरावर जातात तेव्हा त्यांची घरची माणसं इथे वाट बघत असतात, आणि त्यातली बरीचशी आज या सभागृहात बसलेली आहेत.

आधी शब्दाचा अर्थ सांगतो. स्कीइंगच्या गावात यंत्राने बर्फ दाबून, कडेला खांब रोवून तयार केलेल्या उताराला 'पिस्त' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. निळी पिस्त सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. या पिस्तवर हिमस्खलनाचा धोका आहे का ते रोज सकाळी तिथले कर्मचारी तपासतात, धोका वाटला तर ती बंद करतात आणि संध्याकाळी मागे कोणी राहिलं नाही ना, तेही बघतात. 'ऑफ-पिस्त' म्हणजे त्या खांबांच्या बाहेर. तिथे बर्फ जसा पडला तसाच असतो, म्हणून तर सगळ्यांना तिथे जायचं असतं. पण तिथे कोणी तपासणी केलेली नसते. खांब ओलांडला की जबाबदारी आपली. दोन्हीकडे जाणारी केबल कार एकच असते, तिकीटही एकच, त्यामुळे हा फरक नवख्याला जाणवतच नाही.

आपल्याकडचे पुष्कळ लोक युरोपच्या सहलीत टिटलिसला जातात. फिरत्या केबल कारमधून वर जातात, बर्फात फोटो काढतात आणि खाली येऊन जेवतात. त्याच टिटलिसच्या डोंगरात 'लाउब' नावाचा उतार आहे. हजार मीटरहून जास्त खाली जाणारा, खुला, तीस अंशांहून अधिक तिरका. जवळच 'श्टाइनबर्ग' नावाची उतरण आहे, ती हिमनदीवरून जाते आणि तिथे बर्फाखाली भेगा असतात. भूगोलाच्या तासाला सरांनी फळ्यावर हिमनदीची आकृती काढली होती ना, तीच ही. जिथे फोटो काढायचे तिथून हे फार लांब नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. डोंगरावरचे चुकीचे निर्णय बऱ्याचदा डोंगरावर घेतले जात नाहीत. ते सहा महिने आधी, बुकिंग करताना घेतलेले असतात. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे लगेच कळेल. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलेलं असतं, थांबायला हवं हे सगळ्यांना दिसत असतं, पण शेवटची एसटी पकडायची असते म्हणून कोणीतरी पाण्यात पाय घालतो. त्याला ओढ्यात उतरवलं ते एसटीच्या वेळापत्रकाने. आल्प्समध्येही तेच होतं, फक्त एसटीच्या जागी परत न मिळणारे पैसे, एकच मोकळा दिवस आणि परतीचं विमान असतं. म्हणून प्रवासाची आणि मुक्कामाची आखणी अशी करायची, की ज्या दिवशी 'आज नको' म्हणावं लागेल त्या दिवशी ते म्हणणं सोपं जावं. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका कसोटीवर ठरवलेलं आहे.

पहिला प्रश्न, कधी जायचं. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान, थंडी कडक आणि बर्फाचा थर पुष्कळदा पातळ. फेब्रुवारीत आणि मार्चच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या शाळांच्या सुट्ट्या असतात, त्या तीन विभागांत आळीपाळीने पडतात. त्या काळात दर चढतात आणि लिफ्टसमोर रांगा लागतात. गर्दीत अजून एक गोष्ट होते. ताज्या बर्फावर आपल्या आधी कोणी उतरेल या धास्तीने लोक घाई करतात. मार्चचा दुसरा पंधरवडा आपल्याला बरा. दिवस मोठा झालेला असतो आणि उंचावर बर्फ भरपूर असतो. एक मात्र लक्षात ठेवायचं. या दिवसांत दुपारच्या उन्हाने बर्फ ओला आणि जड होतो, आणि उन्हाच्या बाजूचे उतार घसरू लागतात. म्हणून सकाळी लवकर निघायचं आणि दुपारी गावात परत.

दुसरा प्रश्न, कुठे. ग्रुपवर शामोनीचं नाव सर्वांत जास्त वेळा आलं, ते साहजिक आहे. १९२४ चं पहिलं हिवाळी ऑलिंपिक तिथे झालं आणि तिथली गाइड मंडळी १८२१ पासून संघटित आहे. ३८४२ मीटर उंचीच्या एग्वी द्यु मिदीवरच्या स्थानकातून 'व्हाले ब्लांश' ही सुमारे वीस किलोमीटरची हिमनदीवरची उतरण सुरू होते. दुसरं नाव आलं सेंट अँटनचं. ते झुरिक ते इन्सब्रुक या मुख्य रेल्वेमार्गावरच आहे आणि स्टेशनपासून लिफ्ट चालत काही मिनिटांवर आहे. तिसरं वेर्बिए. तिथे जिनिव्हाहून रेल्वेने मार्तिनीमार्गे ल शाब्ल गाठायचं आणि तिथून गोंडोलाने वर. ल शाब्लमध्येच खोली घेतली तर मुक्काम वेर्बिएपेक्षा स्वस्त पडतो. ही तिन्ही गावं उत्तम आहेत.

तरीही पहिल्या सहलीसाठी मी एंगेलबर्ग सुचवतो, म्हणजे टिटलिसच्या पायथ्याचं गाव. झुरिक विमानतळावरून ल्युसर्नपर्यंत रेल्वे, तिथून पाऊण तासात दुसरी रेल्वे थेट गावात. गाव साधारण हजार मीटर उंचीवर आहे, त्यामुळे झोप नीट लागते. वर रात्र काढली तर पहिले दोन-तीन दिवस डोकं धरतं आणि झोपही उडते. आणि माझ्या कसोटीवर हे गाव उतरतं ते यासाठी, की ज्या दिवशी डोंगर 'नाही' म्हणेल त्या दिवशी करण्यासारखं तिथे खूप आहे. स्लेजची वाट आहे, बर्फातून चालण्याच्या वाटा आहेत, जुना बेनेडिक्टाइन मठ आहे, आणि पाऊण तासावरच्या ल्युसर्नला सरोवर आणि वाहतुकीचं मोठं संग्रहालय. वाईट हवेत करण्यासारखं काहीच नसलं की माणसं कंटाळतात, आणि कंटाळलेली माणसं खिडकीतून डोंगराकडे बघत "जरा जाऊन तर येऊ" म्हणतात.

आता मुक्काम. आल्प्समधल्या सदनिका बहुधा शनिवार ते शनिवार अशा आठवड्याने मिळतात. आपण सातजण आहोत, म्हणून तीन-चार खोल्यांची एक सदनिका घ्यावी असं माझं मत आहे. स्वयंपाकघर असेल तर आपल्यातल्या शाकाहारी मंडळींना रोज चीज आणि बटाटा खावा लागणार नाही, आणि दमून आल्यावर मुगाच्या खिचडीसारखं दुसरं सुख नाही. दर विचारताना चार गोष्टी विचारायच्या. शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे आहेत का? दरडोई पर्यटन कर वेगळा आहे का? बूट वाळवायला गरम खोली आहे का? आणि लिफ्ट किंवा लिफ्टकडे जाणारी बस किती अंतरावर आहे? स्कीचे बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन अर्धा किलोमीटर चालणं म्हणजे काय, ते एकदा चालल्याशिवाय कळत नाही. याखेरीज एक अट अशी, की किती तारखेपर्यंत रद्द केलं तर किती पैसे परत मिळतील हे लेखी हवं. जी जागा थोडी महाग पण रद्द करता येते, ती आपली.

काहींनी डोंगरातल्या हटमध्ये राहण्याचा विषय काढला होता. स्विस अल्पाइन क्लब १८६३ सालचा, त्याच्या दीडशेच्या आसपास हट आहेत. सामुदायिक झोपण्याची खोली, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता मिळतो, आधी कळवलं तर शाकाहारी जेवणही करतात, आणि झोपायला आपली पातळ चादरीची पिशवी न्यावी लागते. शामोनी ते झेरमाट ही प्रसिद्ध 'ओत रूत' अशीच हटमागून हट गाठत करतात. पण तिथे एका हटहून दुसऱ्या हटला ठरल्या दिवशी पोचावंच लागतं. आपल्या पहिल्या सहलीत असं बांधलेलं वेळापत्रक नको. ते दोन वर्षांनी बघू.

प्रवासाचं गणित असं मांडलंय. मुंबई ते झुरिक थेट विमान आहे. शुक्रवारी पोचायचं, रात्र ल्युसर्नला काढायची. शनिवारी एंगेलबर्ग. रविवारी फक्त पिस्तवर पाय मोकळे करायचे आणि संध्याकाळी उपकरणांचा सराव. सोमवार ते गुरुवार गाइडबरोबर. शुक्रवार राखीव. शनिवारी गाव सोडायचं, रात्र झुरिकला, रविवारी विमान. गाइडबरोबरच्या चार दिवसांतले तीन दिवस मोकळ्या बर्फावर मिळाले तर उत्तम, दोन मिळाले तरी सहल यशस्वी, असं आधीच मनाशी ठरवून निघायचं.

शेवटची रात्र डोंगराबाहेर का, असं कोणीतरी विचारलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये इतका बर्फ पडला, की झेरमाटचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाली आणि सुमारे तेरा हजार पर्यटक गावात अडकले. फेब्रुवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रियातलं गाल्ट्युर हे गाव बर्फाने असंच तुटलं होतं, आणि तिथल्या हिमस्खलनात गावात ३१ आणि शेजारच्या वाडीत ७ माणसं गेली. ही टोकाची उदाहरणं आहेत. पण ज्या दरीत विमानाच्या आदल्या रात्री राहायचं त्या दरीचा रस्ता बंद होऊ शकतो, हे गृहीतच धरायला हवं. भाड्याची गाडी घ्यावी का, याचंही उत्तर त्यातच आहे. रेल्वे असेल तिथे रेल्वे. बर्फातला घाट, चाकांच्या साखळ्या आणि अपुरी झोप यांचा मेळ चांगला नसतो.

सामानाबद्दल थोडक्यात. बूट स्वतःचे आणा, कारण पायाला नीट न बसणाऱ्या बुटाने आठवडा वाया जातो. स्की तिथे भाड्याने घ्या. रुंद स्की गावातल्या दुकानात मिळतात आणि विमानात लांबलचक पिशवी ओढावी लागत नाही. हवेची पिशवी फुगणारी पाठपिशवी कोणी आणणार असेल तर तिच्या गॅसच्या नळकांडीसाठी विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते.

व्हिसा शेंगेनचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर उशीर झाला असं समजा. मुक्काम जास्त ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे. या व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पुष्कळांना वाटतं की हा विमा काढला की झालं. तसं नाही. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. 'आखलेल्या वाटांबाहेरचं स्कीइंग' बहुतेक साध्या पॉलिसींतून वगळलेलं असतं. ते समाविष्ट आहे का, आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च धरला आहे का, हे दोन्ही लेखी विचारा. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर बोलावलं तर बिल हजारो फ्रँकचं येतं आणि ते ज्याचं त्याला भरावं लागतं.

आता गाइड. माझ्या मते आधी गाइड ठरवायचा आणि मग घर. गाइड म्हणजे आंतरराष्ट्रीय पर्वतमार्गदर्शक महासंघाचं प्रमाणपत्र असलेला माणूस, वाट दाखवणारा हौशी मित्र नव्हे, आणि मीही नव्हे. मी तिथे राहतो म्हणून मला तिथला बर्फ कळतो, असा गैरसमज करून घेऊ नका. एका गाइडमागे पाच-सहाजण ही मर्यादा, म्हणजे आपल्याला दोन गाइड लागतील. एकाचा दिवसाचा दर सातशे फ्रँकच्या आसपास धरा, म्हणजे माणशी दोनशे फ्रँक रोजचे. खर्च मोठा आहे, कबूल. पण काटकसर करायची तर जेवणात करू, विमानाच्या तारखांत करू, इथे नको.

गाइड काय बघतो, तेही थोडं माहीत हवं. हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पातळ्या आहेत. दावोसची बर्फसंशोधन संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता, आणि पुन्हा सकाळी आठ वाजता, कुठल्या भागात, कुठल्या दिशेच्या उतारावर, किती उंचीच्या वर काय धोका आहे ते नकाशासह प्रसिद्ध करते. पाचातला तीन हा आकडा परीक्षेतल्या पन्नास-साठ टक्क्यांसारखा मध्यम वाटतो. तो मध्यम नाही. सर्वाधिक मृत्यू याच पातळीला होतात, कारण चार असलं की लोक घरी बसतात आणि तीन असलं की बाहेर पडतात. आणखी एक गोष्ट. हिमस्खलनात सापडलेल्या दहांपैकी नऊजणांच्या बाबतीत ते घसरण त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सुरू केलेलं असतं. म्हणजे ते आकाशातून कोसळत नाही, आपल्या वजनाने निघतं.

बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं, तर दहांतले नऊ वाचतात. त्यानंतर आलेख कड्यासारखा कोसळतो, आणि अर्ध्या तासाने तिघांतला जेमतेम एक वाचतो. दहा मिनिटांत हेलिकॉप्टर पोचणं कठीण. पोचू शकतो तो शेजारचा सोबती. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर बीकन, पिशवीत फावडं आणि शोधकाठी, आणि ती वापरण्याचा सराव. बीकन सगळीकडे एकाच लहरीवर, ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं चालेल. पण ते पहिल्यांदा खोक्यातून काढण्याची जागा बर्फ ही नव्हे. इथे पुण्यात कुठल्याही मैदानावर पालापाचोळ्यात लपवून शोधता येतं. मी दोन संच ठेवून जाणार आहे.

आता जरा अवघड बोलतो. इयन मॅकॅमन नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या शेकडो हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला. धोक्याच्या खुणा समोर दिसत असताना जाणकार माणसंही उतारावर का जातात, हा त्याचा प्रश्न होता. त्याने सांगितलेली कारणं आपल्या ओळखीची आहेत. जागा परिचयाची आहे म्हणून. एकदा ठरलंय आणि इतक्या लांबून आलोय म्हणून. दुसरे गेलेत म्हणून. पुढे असणारा ठामपणे बोलतोय म्हणून. आणि आपल्या माणसांत मान राहावा म्हणून.

ही यादी वाचताना मला आपला वर्ग आठवतो. गणित समजलेलं नसायचं, सर विचारायचे "समजलं का?", आणि पन्नास मुलांतला एकही हात वर व्हायचा नाही. तेव्हा त्याची किंमत चाचणीतल्या दोन गुणांची होती. पस्तीस वर्षांची मैत्री हे आपल्या सहलीचं बळ आहे आणि तोच तिचा सर्वांत मोठा धोका आहे. अनोळखी माणसासमोर "मला भीती वाटते" म्हणता येतं, जुन्या मित्रांसमोर जड जातं, कारण पुढची वीस वर्षं त्यावरून थट्टा होणार हे माहीत असतं. म्हणून तीन नियम मांडतो. एक, सातांतल्या कोणाही एकाने 'नाही' म्हटलं तर त्या गटाचा त्या दिवसाचा उतार रद्द, कारण विचारायचं नाही, आणि नंतर ग्रुपवर त्याचा विषय नाही. दोन, गाइडने परत फिरायला सांगितलं तर वाद नाही. तीन, खर्चाचा सामायिक निधी आधीच जमा करायचा आणि न वापरलेल्या दिवसाचा खर्च त्यातूनच जायचा, म्हणजे 'माझ्यामुळे सगळ्यांचे पैसे गेले' असं कोणाला वाटणार नाही.

आणि कोण येऊ शकतो? लाल पिस्त, खराब बर्फातही, न पडता, न थांबता उतरता आली पाहिजे. आपल्यातल्या दोघांचं अजून तिथवर आलेलं नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, याचं मला फार कौतुक वाटलं. ते जानेवारीत गुलमर्गला सरावाला जाणार आहेत. मार्चपर्यंत जमलं तर सातजण, नाही जमलं तर ते पिस्तवर आणि आपण पाच मोकळ्या बर्फावर, आणि संध्याकाळी जेवायला सगळे एकत्र. एंगेलबर्ग निवडण्याचं हेही एक कारण आहे.

वेळापत्रक सांगून थांबतो. जूनअखेर नावं पक्की. जुलैत गाइड, ऑगस्टमध्ये घर, ऑक्टोबरमध्ये विमान, डिसेंबरात विमा आणि व्हिसा. प्रत्येकाने विम्याची पॉलिसी आणि गाइडचा नंबर घरच्यांकडे ठेवायचा, आणि संध्याकाळी गावात परतलो की ग्रुपवर एक ओळ टाकायची, ही जबाबदारी माझी.

सातही जणांना एक विनंती. आता चहाची सुट्टी आहे. त्यात मला भेटायला येण्याआधी घरच्या माणसांना भेटा. हे भाषण त्यांनीही ऐकलंय. त्यांचे प्रश्न घेऊन या, आपण एकत्र बसून उत्तरं काढू.